लाँड्रीतला हौद

प्रिय धाकट्या,

तुझी खुशाली मावशीकडून कळते. मला फोन करायला तुला हल्ली सवड नसते म्हणे. असेलही. हे पत्र तिच्याच हाती देतेय, टपालावर आता भरवसा उरला नाही.

लाँड्री चालू आहे, पण गिऱ्हाईक तुटलंय. पूर्वी मागच्या खोलीत आम्ही प्रभूची गाणी म्हणायला लागलो की तुझे दाजी इस्त्रीची वाफ सोडायचे, म्हणजे बाहेर ऐकू जायला नको. धाड पडल्यापासून प्रार्थनेला कुणी फिरकत नाही. नर्सबाई आणि म्हातारे बेकरीवाले अजून कोठडीत आहेत. तुझ्या दाजींना मात्र आठवड्यात सोडलं, अंगाला बोटही न लावता. तिथेच सगळं बिनसलं. नर्सबाईंची आई मला बघून रस्ता बदलते. बेकरीवाल्यांच्या सुनेनं तर धुवायला टाकलेले कपडे ओलेच परत नेले.

खोटं कशाला बोलू, मलाही संशय आला. त्या दिवशी पोलीस शोधाशोध करत बसले नाहीत. सरळ कपडे खळबळायच्या हौदाशी गेले, झाकण काढलं आणि साहेबानं विचारलं, “आज कुणाला बुडवणार होता?” नर्सबाईंचा बाप्तिस्मा हौदात करायचा हे आपल्या स्वयंपाकघरात ठरलं होतं. त्यांनासुद्धा जागा आयत्या वेळी सांगायची होती. टेबलाशी तुझे दाजी होते, मी होते आणि तू. तू माझा पाठचा भाऊ, तुला मी धरलंच नाही. राहिले तेच. गिऱ्हाइकांचे खिसे तपासतो तसे मी नवऱ्याचे खिसे तपासायला लागले. त्यांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी सदरा काढून स्वतःच माझ्या हातात दिला.

शेवटी भरल्या ताटावर विचारलंच. ते म्हणाले, आपल्यात फूट पडावी म्हणूनच मला एकट्याला सोडलं. मग खरं कुणी सांगितलं ते चारचौघांत का बोलत नाही, म्हटलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. “पोराला नोकरीवरून धमकावलं असेल गं. नाव घेतलं तर लोक त्याला जगू देणार नाहीत. माझ्यावरचा संशय मला झेपतो. प्रभूलाही ताटाला ताट लावून जेवणाऱ्यानंच धरून दिलं होतं.”

पोर असं ते एकाच माणसाला म्हणतात.

आता पत्राचं कारण. सोमवारी ते ठाण्यात जाऊन लिहून देणार आहेत की सभा त्यांनीच भरवली, बाकीच्यांना काही ठाऊक नव्हतं. नर्सबाई आणि बेकरीवाले सुटतील. हे किती वर्षं आत राहतील, वकीलही सांगत नाही. मी आडवी पडले, रडले, काही उपयोग झाला नाही. जाण्याआधी त्यांना तुझ्यासोबत एकदा जेवायचंय. त्याला बोलव म्हणाले, मनात राग धरू नकोस म्हणाले. मला ते जमलेलं नाही. तरी ये. ते तुला काही विचारणार नाहीत. मी विचारीन.

अजूनही तुझीच,
ताई