गंपूची नोंद ‘शो लाइन’ अशी होण्याबाबत

प्रति,
मा. पशुधन विकास अधिकारी,
पशुवैद्यकीय दवाखाना, पेण,
जि. रायगड.

अर्जदार : त्र्यंबक दामोदर भाटे, सेवानिवृत्त अव्वल कारकून, रा. पेण.

विषय : माझ्या जर्मन शेफर्ड कुत्र्याच्या केसपेपरवरील ‘वर्किंग लाइन’ हे शब्द खोडून तेथे ‘शो लाइन’ असे लिहून मिळण्याबाबत.

संदर्भ : १) आपला गेल्या महिन्याचा केसपेपर. २) त्या वेळी आपण मला उभ्या उभ्या दिलेली समजूत.

महोदय,

१. अर्ज कसा लिहावा हे मला कोणी शिकवण्याची गरज नाही, नोकरीभर तेच केले. तरीही यात अर्जाला न शोभणारा मजकूर येणार आहे. तो सांभाळून घ्यावा.

२. माझी पत्नी आसावरी हिला काचबिंदू होता. संध्याकाळी आम्ही भोगावतीच्या कडेने फिरायला जात असू. नदीच्या बाजूला मी, मध्ये ती आणि रस्त्याच्या बाजूला गंपू. त्या वेळी डोळवीच्या कारखान्याची शिफ्ट सुटून कंपनीच्या बस भरधाव येतात. तिचा पाय डांबरावर पडतोय असे वाटले, की गंपू खांद्याने तिच्या गुडघ्याला हळूच रेटा देई. “हा कुत्रा नाही, माझी सासू आहे,” असे ती म्हणत असे. गेल्या पावसाळ्यात ती झोपेतच गेली. मी शेजारीच होतो, मला कळलेही नाही.

३. त्यानंतरही गंपू रस्त्याच्याच बाजूने चालतो. माझ्यात आणि त्याच्यात एका माणसाची जागा सोडतो. मी त्या जागेत सरकलो तर मला खांद्याने बाहेर काढतो. पापडवाल्यांच्या ओट्यापाशी ती दम खायला थांबत असे, तिथे तो आजही थांबतो, आणि वर बघतो. माझ्याकडे नव्हे. ती जिथे उभी राहील तिकडे.

४. हे वागणे घेऊन मी आपल्याकडे आलो. आपण त्याची पाठ चाचपून पाहिलीत आणि सांगितलेत, की हा वर्किंग लाइनचा आहे. याच्या पूर्वजांचे काम मेंढ्या आणि उभे पीक यांच्या मधल्या नांगराच्या तासावरून येरझारा घालण्याचे. मेंढी तास ओलांडू लागली की खांद्याने आत ढकलायची. अशा कुत्र्याला राखायला काही नसले तरी तो मनाने एक कड धरतो आणि तीच राखत बसतो. “रक्तात असतं ते आजोबा, मध्ये कोणी नाही,” असे आपण म्हणालात. आपण चांगल्या मनानेच म्हणालात. पण मी घरी येऊन जेवलो नाही.

५. म्हणून मी या विषयाचा अभ्यास केला. शो लाइनच्या कुत्र्याची पाठ मागे उतरती, रंग काळा-तांबूस. त्याला पिढ्यान्‌पिढ्या प्रदर्शनात उभे राहण्यासाठीच जोपासलेले, त्यामुळे राखणीची खोड बरीच निवलेली. वर्किंग लाइनची पाठ सरळ, रंग बहुधा राखाडी, आणि जीव सदा कामाला आसुसलेला. गंपूची पाठ उतरती आहे. रंग काळा-तांबूस आहे. कानांवर लांब केसांचे झुपके आहेत, तेवढ्यावर भाळून हिने त्याला पनवेलहून आणला. बाप राखाडी होता हे मला मान्य आहे. आपण बापावर गेलात, मी आईवर जातो.

६. आपण म्हणाला होतात, की शंका असेल तर शेळ्यांत सोडून बघा. मी सोडला. कासू गावात रघू म्हात्रे म्हणून आमचे जुने तांदूळवाले आहेत, त्यांच्या शेळ्या आहेत. गंपू माझ्यापासून नेहमीचे अंतर सोडून धुळीत बसला आणि जांभई दिली. रघू म्हणाले, “साहेब, याला बकऱ्या दिसतच नाय. फुकट खानारा हाय ह्यो.” मला इतका आनंद झाला की मी त्यांचा हात धरला.

७. एक गोष्ट लपवता आली असती, पण लपवत नाही. एक करडू उड्या मारत आमच्या मधल्या जागेत शिरले. तेव्हा गंपू उठला, त्याला खांद्याने बाहेर काढले आणि परत जाऊन बसला. बाकीचा सगळा कळप त्याच्या नाकासमोरून गेला, तिकडे ढुंकून पाहिले नाही. रघूंच्या पत्नी बायजाबाई बघत होत्या. त्या म्हणाल्या, “वयनी तर गेल्या. मंग ह्यो कोनाची जागा राखतो?” साहेब, माझाही प्रश्न हाच आहे.

८. माझा मुलगा विराज ठाण्याला असतो. तोही म्हणतो, बाबा, रक्तात असतं. कुत्रा अलिबागला मित्राच्या वाडीवर देऊ आणि तुम्ही इकडे या. मी ठाण्याला जाईन, पण मग ती संध्याकाळी कोणाबरोबर फिरणार?

९. तरी विनंती, की गंपूची फेरतपासणी करून तो शो लाइनचा असल्याचे लिहून द्यावे. शो लाइनच्या कुत्र्याला राखणीची खोड नाही. खोड नाही म्हणजे तो उगाच जागा सोडत नाही. म्हणजे ती आहे. एवढे आपल्या सहीशिक्क्याने मिळाले तर मला दुसऱ्या कोणाला काही पटवायचे नाही.

आपला, आपल्या दवाखान्याची पायरी वरचेवर झिजवणारा,
त्र्यं. दा. भाटे
पेण, दि. २१ नोव्हेंबर २०२५

सोबत : १) गंपूचा एका बाजूने काढलेला फोटो, पाठीचा उतार दिसेल असा. २) रेबीज लशीचा दाखला.

ता. क. (दि. २४ नोव्हेंबर) – शुक्रवारी अर्ज घेऊन आलो तेव्हा आपण दौऱ्यावर होतात, पुढे शनिवार-रविवारची सुट्टी. शनिवारी संध्याकाळी फिरायला निघालो आणि गंपू माझ्या गुडघ्याला चिकटून चालू लागला. ओट्यापाशी थांबला नाही. मी मुद्दाम लांब सरकलो, तो पुन्हा जवळ आला. मी रस्त्यात उभा राहून तिला नावाने हाका मारल्या. कंपनीच्या बसमधली माणसे बघत होती. काल रविवारीही तसेच. आज सकाळीही तसेच.

तरी वरील विनंती मी मागे घेत आहे. केसपेपरवर ‘वर्किंग लाइन’च राहू द्यावे. आपण म्हणालात तेच खरे धरावे, की मध्ये कधीच कोणी चालत नव्हते. म्हणजे शनिवारी कोणी गेले नाही, आणि माझी बायको एकदाच गेली.

त्र्यं. दा. भाटे