छप्पन अंशांची वेज आणि बाकीच्या वस्तू

मी, खाली सही करणारी, व्यवसायाने दंतवैद्य, आता निवृत्त, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात कोणी उरलेलंही नाही. वकीलबाईंनी बजावलं होतं, "फक्त मालमत्तेचं लिहा, मनातलं लिहीत बसू नका." त्याची अडचण येऊ नये. दीड वर्षापूर्वी माझे पती गेले, तेव्हापासून मनातलं असं फारसं काही सापडत नाही.

याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात सगळं पतींच्या नावे होतं.

कलम १. राहतं घर मागच्या अंगणासह माझ्या एकुलत्या एका मुलीला द्यावं. अंगणात वाळूचा मोठा खड्डा आहे. गोल्फच्या मैदानावर असा खड्डा चेंडू अडवण्यासाठी असतो, त्याला बंकर म्हणतात. हा पतींनी सरावासाठी स्वतः खणला होता. तो बुजवून तिथे गाडी लावायची असेल तर खुशाल लावावी. छपराची पन्हळ एका सांध्यात गळते. प्लंबर म्हणेल सगळी बदला. त्याचं ऐकू नये.

कलम २. बँकेतल्या ठेवी मुलीलाच मिळाव्यात, त्यातली एक ठेव सोडून. ती दवाखान्यात माझ्यासोबत अखेरपर्यंत राहिलेल्या मदतनीस बाईंच्या नावे केली आहे. रडणाऱ्या पेशंटचा हात त्या धरायच्या, मी दात काढायची. लोक जाताना त्यांना धन्यवाद देत आणि मला पैसे. माझी तक्रार नाही, कामाची वाटणीच तशी होती.

कलम ३. माझे दीर. यांना एक गोल्फची वेज परत करावी.

वेज म्हणजे ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, जवळून चेंडू उचलून टाकायची आखूड काठी. तिच्यात दोन गोष्टी पाहायच्या असतात. लॉफ्ट म्हणजे तिचं तोंड किती अंश मागे झुकलं आहे ते. झुकाव जास्त तसा चेंडू उंच जातो आणि जवळ पडतो. बाउन्स म्हणजे तळाचा फुगवटा. मऊ वाळूत तो काठीला रुतू देत नाही, आणि कडक जमिनीवर तोच काठीला उसळवून काम बिघडवतो. दुकानात लोक लॉफ्ट विचारतात, बाउन्स कोणी विचारत नाही. दिरांनीही विचारला नव्हता. वाढदिवसाची भेट म्हणून त्यांनी भावाला छप्पन अंशांची, जवळजवळ सपाट तळाची वेज दिली. पती नकाशे काढायचे, हात कागदावर हलका. पण वाळूत काठी अशी मारायचे की कुदळ बरी. अशा हाताला सपाट तळ म्हणजे दर वेळी काठी रुतणार आणि चेंडू तिथेच बसणार. दोन मोसम दीर सगळ्यांसमोर म्हणत राहिले, "दादाच्या हातात खेळच नाही." पती हसायचे. घरी आल्यावर चकार शब्द काढायचे नाहीत.

ही वेज दिरांना परत द्यावी, ती सूड म्हणून नव्हे. त्यांचा हात जमिनीलगत सपाट फिरतो, मैदान कडक झालं की त्यांना ती शोभेल. थोडी सूड म्हणूनही द्यावी.

कलम ४. माझ्या स्वतःच्या तीन वेज, पन्नास, चोपन्न आणि अठ्ठावन्न अंशांच्या, क्लबात नव्याने शिकणाऱ्या मुलींसाठी द्याव्यात. तिन्ही एकत्रच ठेवाव्यात. त्यांच्यात चार-चार अंशांचं अंतर मी जाणूनबुजून राखलं आहे. मधली हरवली की तेवढ्या पल्ल्याचा फटका हातात उरत नाही, आणि मुली जोर कमी-जास्त करून वेळ मारून नेऊ लागतात. अठ्ठावन्नचा तळ सपाट आहे. मऊ वाळूत ती वापरायची नाही, हे शिकवणाऱ्या सरांनाही सांगावं. ते नाकाने कांदे सोलतील. तरी सांगावं.

कलम ५. पतींच्या अठ्ठेचाळीस, बावन्न आणि साठ अंशांच्या वेज शेजारच्या सुतारांना. यांच्याबरोबर पतींची रविवारची जोडी होती. सुतारही वरून घाव घालतात, त्यांना या काठ्या बसतील. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असं वकीलबाई म्हणाल्या, म्हणून साक्षीला दुसरा माणूस पाहावा लागला. दातांवर बसवायच्या टोप्या घासायचं माझं छोटं मशीनही सुतारांनाच द्यावं. त्यावर मी पतींच्या काठ्यांच्या टाचा, म्हणजे तळाचा दांड्याकडचा कोपरा, किंचित उतरवून दिल्या होत्या. सोबत जुन्या टूथब्रशांचा डबा आहे. खेळून आल्यावर प्रत्येक काठीच्या तोंडावरच्या खाचा मी या ब्रशांनी घासते. खाचेत घाण राहिली की चेंडूला फिरकी मिळत नाही, आणि घाण राहिलेली मला तशीही बघवत नाही. चाळीस वर्षांची खोड आहे.

कलम ६. उरली पतींची छप्पन अंशांची वेज, चौदा अंश बाउन्सची. ही मुलीला.

ही मी निवडली होती. एका संध्याकाळी त्यांना बंकरमध्ये पाहत होते आणि दवाखान्यात सुचतं तसं सुचलं, की दात चांगला आहे, त्यावरची टोपी चुकीची बसवली आहे. दुसऱ्या दिवशी भरपूर फुगीर तळाची वेज आणून त्यांच्या हातात दिली. पहिलाच चेंडू वाळूच्या पडद्यासकट अलगद बाहेर येऊन पडला.

ते म्हणाले, "डॉक्टरीणबाई, हे कसं झालं?"

मी म्हटलं, "दोष तुमच्या हाताचा नव्हता. काठीचा होता."

त्यांनी काठी उलटी करून तिच्या तळावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "असं मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं." त्या रात्री जेवताना ते खूप बोलले. मला ते आवडलं होतं, एवढं आठवतं.

गेले त्या दिवशी सकाळी ते याच काठीने सराव करत होते. आत येऊन म्हणाले, हात दुखतो आहे. दुपारी हॉस्पिटलात संपलं. दुसऱ्या दिवशी सगळं आटोपून घरी आलो, घर माणसांनी भरलं होतं, म्हणून मी मागे अंगणात गेले. काठी बंकरच्या कडेला पडली होती. वाळूत त्यांच्या पावलांचे ठसे होते आणि फटक्यांचे ओरखडे. मी दाताळं घेतलं आणि वाळू सारखी केली. बंकरमधून निघताना वाळू सारखी करायची असते, आपल्यामागून येणाऱ्यासाठी. ते करायचं त्यांचं राहून गेलं होतं.

मुलगी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. ती धावत आली.

"आई, काय केलंस हे?"

"बंकर सारखा केला."

"ते बाबांचे पाय होते. शेवटचे." मग माझ्याकडे बघत म्हणाली, "तुझ्या डोळ्यांत पाणी पण नाही."

नव्हतं. अजूनही आलेलं नाही. त्यानंतर ती महिन्यातून एकदा फोन करते, गोळ्या घेतेस का विचारते आणि ठेवते. या घरात ती पाऊल टाकत नाही.

तिच्यासाठी एवढंच लिहिते. इंजेक्शन दिलं की मी पेशंटना सांगायची, अर्धा चेहरा आपला वाटणार नाही, घाबरू नका, उतरेल. तोवर त्या बाजूने चावू नका. गाल चावला गेला तरी कळायचं नाही. मला ते उतरलेलं नाही. काय चावलं गेलं ते तुझ्या तोंडावर दिसलं, मला लागलं नाही. मी तुझ्या बाबांवर प्रेम केलं. हे मला माहीत आहे, जसं सुन्न जबडाही आपलाच आहे हे माहीत असतं.

ही छप्पनची वेज माझ्या कपाटात, पेशंटच्या गळ्यात बांधायच्या धुतलेल्या कापडात गुंडाळून ठेवली आहे. उलगडताना खाली पांढरा कागद धरावा. बाकी सगळ्या काठ्या स्वच्छ आहेत. हिच्यासाठीही ब्रश हातात घेतला होता, आणि परत डब्यात ठेवला. हिच्या खाचांमध्ये त्या सकाळची वाळू तशीच आहे. ती ठेवायची की घासून टाकायची, हे माझ्या मुलीने ठरवावं.

अंमलबजावणी वकीलबाईंनी पाहावी. वरचा मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली.

लिहून देणार: (सही) दंतवैद्य, निवृत्त

साक्षीदार १: (सही) कोपऱ्यावरचे औषधविक्रेते
साक्षीदार २: (सही) क्लबातले हिरवळ राखणारे काका

ठिकाण: राहतं घर, मागच्या खोलीतलं टेबल, खिडकी अंगणाकडे
दिनांक: ९ नोव्हेंबर, गुरुवार