फुल रेंज

९ नोव्हेंबर
सिंधुचं नाव लागलं एकदाचं! संभाजीनगरच्या दवाखान्यात, किडनीच्या यादीत. कुणी माणूस गेलं आन घरच्यांनी किडनी दिली की नंबरानं फोन करतात. तिथल्या मॅडमनं बजावून सांगितलं — "फोन कधीही येईल. लागला नाही तर आम्ही पुढच्याला लावतो." घरातला दुसरा नंबर मागितला. म्हणलं, आम्हा नवराबायकोत हाच एक. कॉलेजपासून हाय, बदलायचा न्हाई.

१७ नोव्हेंबर
गावातला टॉवर बंद! ज्याच्या रानात उभा होता त्याचं आन कंपनीचं वाजलं म्हणे. आता माळवदावर चढलं की तेलंगणाची रेंज येते, तेलुगू बाई बोलते आन कटतं. जिवाला घोर लागला. नंबर तोच ठेवून दुसऱ्या कंपनीचं कार्ड मागितलं. पण ते फोर-जीचं, माझ्या जुन्या बटनाच्या फोनात चालत न्हाई. देगलूरचा मोबाईलवाला शंकरप्पा म्हणतो, "नवा बटनाचा घ्या की, स्वस्तातला." कशाला? भाचा शिवमनं अमेरिकेहून आणलेला भारी फोन कपाटात पडून हाय!

२३ नोव्हेंबर
कार्ड चालू झालं. भारी फोन घेईना! तिकडच्या कंपनीचं लॉक हाय म्हणे. शेजारच्या अंबिकाच्या फोनवरून शिवमला झापलं. "मामा, कंपनीला सांगून उघडून देतो, टेन्शन घेऊ नका." तुझ्या मामीचा जीव टांगणीला, आन टेन्शन घेऊ नका! तोवर कार्ड अंबिकाच्याच फोनात टाकलं. बिचारी शेतात पण कंबरेला लावून हिंडते.

२६ नोव्हेंबर
उघडलं! फुल रेंज. शिवमचा व्हिडिओ कॉल आला, समोर बसल्यासारखा. सिंधु हसली. किती दिवसांनी! अंबिकाला तिचा फोन मोकळा करून दिला, वरून पेढे.

२ डिसेंबर
फोन गप्प. आपली पाळी आली नसंल अजून.

११ डिसेंबर
गिरणी बंद ठेवून नांदेडला. डायलिसिस. आज तिला लई त्रास झाला, दोनदा उलटी. येताना बसमध्ये खांद्यावर डोकं टेकून म्हणली, "वाजला का हो?"
वाजंल, म्हणलं.

१८ डिसेंबर
अंबिका दारात. "व्यंकटभाऊ, तुमचा फोन सदा बंद कसा?" म्हणलं, डोळे फुटले का तुझे, ही बघ फुल रेंज. तिनं माझ्यासमोर लावला. बंद आहे म्हणून बाई बोलली! आन फोन तर चालू, सिंधु त्याच्यावर कीर्तन बघून राहिली.
तसाच देगलूरला पळालो. शंकरप्पानं उलटापालटा करून बघितला. "लॉक उघडलंय हो. पण ह्या कंपनीचा साधा कॉल ह्या फोनात येतच न्हाई. नेट तेवढं चालतं. भाच्याचा व्हिडिओ कॉल नेटवरून आला." इतके दिवस मी उशाशी काय घेऊन झोपलो!
बटनाचा फोन घेतला. पहिल्यांदाच घ्यायचा होता. दवाखान्यात लावून विचारायची हिंमत होईना. सिंधुला म्हणलं, तो भारी फोन जड वाटत होता.

१९ डिसेंबर
दिवसभर अंबिकाला लावायला लावलं. वाजतो. प्रत्येक वेळी सिंधु उठून बसते. शेवटी बंद करायला सांगितलं.

२ जानेवारी
सिंधु गेली. पहाटे.

११ जानेवारी
दहावा. पाहुणे जेवायला बसले आन बटनाचा फोन वाजला. त्याच मॅडम. "सिंधुताईंना घेऊन लगेच निघा. मागच्या महिन्यात पण लावला होता, तुमचा फोन बंद होता."
म्हणलं, पुढच्याला लावा.