गळ्यातली गाठ

२ एप्रिल, सकाळ
आजपासून रोज लिहिणार. चंदनयात्रेला देवाच्या होडीवर पुढच्या जागी मीच नाचणार, तेव्हा नोंद राहिलेली बरी. आमच्या नाचाच्या आखाड्यात मुलगेच मुली होऊन नाचतात, पण माझ्याइतकी लांब वेणी कोणाचीच नाही. साडी नेसून उभा राहिलो की पुरीच्या बायका विचारतात, ही मुलगी कोणाची? गुरुजी म्हणतात, मागुणी, गर्व नको. गर्व नाही. खरं ते लिहिलं.

५ एप्रिल
नाचताना गायलो, वरच्या सुरात आवाज फाटला. टुकुना हसला. माझ्या मागे नाचतो, माझ्या जागेवर टपलेला आहे. दोष पखाळचा. पाण्यातला शिळा भात, वर दही. घसा बसणारच. उद्यापासून पखाळ बंद.

६ एप्रिल
पखाळ खाल्ला. फार उकडत होतं.

११ एप्रिल
गळ्यात गाठ आहे. आरशात दिसते. गिळलं की वरखाली होते, म्हणजे जिवंत आहे.
कारणही आठवलं. होळीला धनाभाईच्या डब्यातलं तंबाखूचं पान चोरून खाल्लं होतं. सिनेमाआधी तंबाखूच्या कॅन्सरचं दाखवतात ते हेच. एका पानाने होतं का? मला झालं.
धनाभाई नाचाला मर्दल, म्हणजे आमचा पखवाज, वाजवतो. पूर्वी पुढच्या जागी नाचायचा. का सोडलं, ते सांगत नाही. कष्ट झेपले नसतील.

१४ एप्रिल
लक्षणं वाढताहेत. पोटऱ्या ठणकतात. साडी घोट्याच्या वर जाते, ती मात्र धोब्याने आटवली. वरच्या ओठावर काळपट छटा, म्हणजे रोग तोंडापर्यंत आला. पावडर दुप्पट लावली.
बोउचा, म्हणजे आईचा, गावाहून फोन. म्हणाली, कोण बोलतंय? माझ्या लेकाला द्या. फोन ठेवून दिला.

१९ एप्रिल
ठरलं. यात्रेपर्यंत मौन. होडीवर शेवटचं नाचायचं आणि मग मरायचं. घुंगरू देवळात द्यायचे. टुकुनाला नाही.
दुपारी टुकुनाने अर्धा खाजा पुढे केला. आण इकडे, म्हणालो. तो म्हणाला, बेडूक गिळलास का रे?
मौन उद्यापासून.

२४ एप्रिल
घशासाठी मिरी चघळताना धनाभाईने पकडलं. सगळं सांगून टाकलं, पानाची चोरीसुद्धा. वाटलं हसेल. हसला नाही. बराच वेळ माझ्या वेणीकडे बघत राहिला. म्हणाला, यात्रेपर्यंत गुरुजींसमोर तोंड उघडू नकोस बाबा.
म्हणजे फारच पुढे गेलंय. भीती वाटते.

२८ एप्रिल
गुरुजींनी एकट्याला गायला उभं केलं. आवाज कसा निघाला ते लिहीत नाही. कोणी हसलं नाही. टुकुनासुद्धा.
गुरुजींनी जवळ घेऊन गळा चाचपला. मी म्हणालो, गुरुजी, कॅन्सर आहे, पण यात्रेपर्यंत टिकतो. आधी ते पोट धरून हसले. मग माझा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला. त्यांनाही गाठ. धनाभाईलाही. म्हणाले, वेड्या, सगळ्या पुरुषांना असते. तू आजारी नाहीस, मोठा झालास.
मला इतका आनंद झाला की उडीच मारली. म्हणालो, मग पुढची जागा माझीच ना?
गुरुजींनी डोळे पुसले आणि धनाभाईला म्हणाले, न्हाव्याला सांगून ये.

३० एप्रिल
मानेला वारा लागतो. वेणी गुरुजींनी फडक्यात बांधून बोउसाठी दिली. केस वाढतातच. यात्रेपर्यंत वाढले तर बघू.

चंदनयात्रा
नाही वाढले. झांज दिली आहे, होडीत मागे बसून वाजवायची. शिवाय टुकुनाची वेणी घालायचं काम. मी करकचून ओढली. आजवर नुसतं मागुणी म्हणायचा. आज म्हणाला, मागुणीभाई, हळू ना, दुखतं.
मग हळू घातली.