पाटीवरच्या दोन ओळी

प्रिय आम्रपाली,

मंगळवारी तुझा फोन आला तेव्हा मी तळवड्याच्या चौकात होतो, म्हणून नीट बोललो नाही. खरं तर बोलायचंच नव्हतं. बुद्धरत्नला जाऊन वर्ष होईल, रानातल्या त्या वळणावर पाटी लावायची आहे, "दादा, दोन ओळी तूच लिही, घाई करू नका असं काहीतरी," असं तू म्हणालीस. मागून तुझ्या आईचा, केसरबाईंचा आवाज आला, "लिव म्हणावं त्याला. निदान दुसऱ्याचं लेकरू तरी वाचंल." तेव्हापासून कागद समोर आहे. वीस वर्षं डायरी लिहिणाऱ्या मला तुझ्या भावाबद्दल दोन ओळी लिहिता येत नाहीत.

गेल्या रविवारी मी तिथे एकटाच गेलो. अकरा महिन्यांनी सायकल बाहेर काढली. चाकणच्या पुढची ती वाट तू पाहिलेली नाहीस. नवख्याला झेपत नाही आणि कसलेल्याला भीती वाटत नाही, अशी मधली. आधी सागाच्या वाळक्या पानांवरून, मग करवंदाच्या जाळ्यांमधून चढ, आणि माथ्यावरून खाली सहा आडवळणं. सगळीकडे मुळं आणि सुटे दगड. सीट खाली करायची, अंग मागे न्यायचं, नजर चाकावर नाही, पुढच्या वळणावर ठेवायची, हे मला चाळिशीत बुद्धरत्ननं शिकवलं. "साहेब, हँडल किती आवळताय? ते काय पळून चाललंय?" कंपनीत तो मेंटेनन्सला आणि मी क्वालिटीला, म्हणून चिडवायला 'साहेब'. रविवारी मी चौथ्या वळणापर्यंत गेलो आणि उतरलो. पुढे सायकल हातात धरून चालत आलो.

लाल कापडाचा नियमही त्याचाच. मशीनमध्ये हात घालण्याआधी त्याची माणसं मेन स्विचला आपापलं कुलूप लावतात. ज्यानं लावलं त्यानंच काढायचं, आणि काढण्याआधी माणसं मोजायची. रानातही त्यानं तेच लावून दिलं. जो पुढे असेल त्याला वाईट जागा दिसली, की त्यानं आधीच्या फांदीला लाल कापड बांधायचं, बाजूला उभं राहायचं आणि सगळे पुढे गेले की मोजून सोडायचं. कापड दिसलं तर उतरायचं, नसेल तर ब्रेक सोडून खुशाल जायचं. आम्हा पाच सायकलवाल्यांतले सगळ्यात वडील सोपानराव हसायचे, "अरं, हे रान हाय का कंपनी?" पण पाच वर्षांत खरचटण्यापलीकडे कुणाला काही झालं नव्हतं.

दर महिन्याला मी दापोडीला तुमच्याकडे येतो. केसरबाई चहा देतात आणि फोटोकडे बघून त्याला रागावतात, "एवढं लाल कापड दिसलं न्हाई तुला? डोळे कुठं होते तुझे?" तू म्हणतेस, आई, पुरे आता. मी बशीत चहा ओततो आणि पितो. एकदा तर त्यांनी मलाच विचारलं, "तू सांगितलं असंल ना त्याला, हळू चालव म्हणून?" मी मान डोलावली.

आम्रपाली, कापड तिथे नव्हतंच. ते मी आधीच सोडलं होतं. त्या दिवशी पुढे मी होतो. चौथ्या वळणानंतर वाट खचून गुडघाभर चर पडला होता. मी कापड बांधून उभा राहिलो. सनी आणि वर्षाली, आमच्यातले दोघं तरुण, उतरून गेले. मग सोपानराव गेले. ते नेहमीच शेवटी असतात, म्हणून मी गाठ सोडली, कापड खिशात घातलं आणि निघालो. मोजलं नाही. दिवसभर कंपनीत हजारो पार्ट मोजणाऱ्या माणसानं चार माणसं मोजली नाहीत. सोपानरावांची चेन उतरली होती. ती बसवून बुद्धरत्ननं त्यांना पुढे पाठवलं होतं आणि तो मागे हत्यारं पिशवीत भरत होता. मग तो आला. फांदीवर काही नाही हे बघून त्यानं ब्रेक सोडले आणि तो थेट चरात गेला. त्याचं काहीही चुकलं नाही, म्हणून पाटीवर 'घाई करू नका' हे मला लिहिता येत नाही. आवाज ऐकून आम्ही वर धावलो तेव्हा सोपानराव म्हणाले, "कापड दिसलं नसंल त्याला." मी गप्प राहिलो. डायरीत लिहिलं, 'बुद्धरत्नला कापड दिसलं नाही.' वाक्यात खोटं काही नाही. ते लिहिताना मला हे माहीत होतं, याचाच मला जास्त त्रास होतो. चूक क्षणाची होती, पण वाक्य मी विचार करून लिहिलं.

आज सकाळी सोपानरावांना सांगितलं.  ते म्हणाले, "मला काय सांगतो? त्या माउलीला सांग." येत्या रविवारी दहा वाजता मी दापोडीला येतोय. केसरबाईंना हे मी समोर बसून सांगणार आहे. त्यांना कळेल तेव्हा त्यांना धरायला तू जवळ असावीस, आणि तुला ते त्याच क्षणी पहिल्यांदा ऐकावं लागू नये, म्हणून हे पत्र. माफी मागणार नाही. मागितली तर त्या देतील, आणि मग रागवायचं कुणावर, हे त्यांना उरणार नाही. त्यांनी फोटोला रागावणं तेवढं थांबवावं. मी समोरच बसलेला असेन.

तुझ्या भावाचा आणि तुझाही,
निरंजन