धणेपूड, रॅक बी-२

सोमवार, १७ नोव्हेंबर. सकाळी ७.१०
दिपाली काल माहेरी गेली, वळ गावाला. रागावून गेली असं ती म्हणते. मी तसं मानत नाही. जेवताना मी एवढंच म्हटलं की बटाट्याची सुकी भाजी म्हणजे काही स्वयंपाक नव्हे, अर्ध्या तासाचं काम. आमच्या गोडाउनमधल्या कुणालाही उभं केलं तरी करील. यावर तिने बॅग भरली. अट घातली: रविवारी आईच्या नव्या घराची पूजा आहे, पंचवीस माणसं, बटाट्याची भाजी तुम्ही करून आणा. पंगतीत वाढली गेली तर त्याच संध्याकाळी तुमच्यासोबत घरी येते. नाही तर आईकडेच बरी आहे.
म्हणजे रविवारी येतेय. तिची उशी उन्हात टाकली.

मंगळवार, १८. रात्री ८
गोडाउनचा पहिला नियम: आधी आला तो माल आधी बाहेर. म्हणून टोपलीतले सगळ्यात जुने बटाटे काढले. मोड बोटभर. मोड काढून कुकर लावला. पाचव्या शिट्टीला काल्हेरच्या गोडाउनवरून फोन आला, ट्रक अडकला होता. ट्रक सुटेपर्यंत चौदा शिट्ट्या. झाकण उघडलं तर बटाटे नव्हते, खीर होती.
ही ट्रायल. ट्रायल फसण्यासाठीच असते.
जेवण: वडापाव, दोन.

बुधवार, १९
दोष माझा नाही, किचनच्या व्यवस्थेचा आहे. दिपालीचे मसाल्याचे चौदा डबे, सगळे स्टीलचे, सगळे सारखे, नाव एकावरही नाही. फोन करून विचारलं, ओळखतेस कसं? म्हणाली, हात जातो. हात जातो! असल्या कारभारावर आमचं गोडाउन दोन दिवस चाललं नसतं.
संध्याकाळी फळ्यांवर लोकेशन कोड चिकटवले. ए-१ ते ए-७, बी-१ ते बी-७. कुठे काय, त्याचा तक्ता मोबाइलमध्ये. बी-२ धणेपूड. बी-३ सुकटीची, म्हणजे सुक्या मासळीची पूड, सासूबाई दरवर्षी भाजून-कुटून देतात ती. बारा वर्षांच्या संसारात या किचनला पहिल्यांदा सिस्टीम मिळाली. दिपाली येऊन बघेल तेव्हा बोलती बंद.

गुरुवार, २०
तेल जरा जास्त तापलं. मोहरी छतापर्यंत. मिरच्या काळ्या. ठसका तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. शेजारच्या निशा वहिनी नाकाला पदर लावून विचारायला आल्या की भाऊ, डासांचा धूर केलाय का. हो म्हटलं. डोळ्यांची आग होत होती म्हणून नळाखाली डोकं धरलं, त्यातून सर्दी झाली. बटाटे मात्र आज शाबूत. आतून कच्चे, पण शाबूत. प्रगती आहे.
जेवण: वडापाव. आतली भाजी उत्तम असते. कशी करतात ते विचारायला हवं होतं, पण सुपरवायझर माणसाला ते शोभत नाही.

शुक्रवार, २१
नाक पूर्ण बंद.
आज मोठी सुधारणा. रोज लागणारा माल पुढे, कमी लागणारा मागे. हळद, तिखट, मीठ गॅसजवळ हाताशी आणलं, बाकी डबे एकेक घर अलीकडे सरकवले. अभिमानाने तुळशीरामला सांगितलं. हा आमच्याकडे फोर्कलिफ्ट चालवतो. तो म्हणाला, सायब, माल हलवला तं सिस्टीममदी पन टाकाया लागतं, न्हाय तं पार्टीला भलताच माल जातो. मी हसलो. अरे बाबा, चौदा डबे आहेत, चौदा हजार नाहीत. फोर्कलिफ्टवाल्याकडून इन्व्हेंटरी शिकायची वेळ अजून आलेली नाही.

शनिवार, २२
नवे बटाटे, पाच किलो. ट्रायल घेतली नाही. फार ट्रायलने आत्मविश्वास जातो.
दिपालीचा फोन. जेवलात का विचारलं. भरपेट म्हटलं. सर्दी झालीय का विचारलं. नाही म्हटलं. फोन तिनेच ठेवला. घर खायला उठतं, पण हे तिला सांगायचं नाही.

रविवार, २३. सकाळी ९.३०
झाली! पाच शिट्ट्या मोजून. मोहरी वेळेवर. हळद, तिखट, मीठ हाताशीच; बाकी प्रत्येक डबा तक्त्यावर बघूनच उचलला. बी-२ मधून धणेपूड सहा चमचे, पंचवीस माणसांच्या मानाने. रंग असा पिवळाधमक की लग्नातली वाटावी. वास येत नाही, पण तो नाकाचा दोष. चाखली नाही. नैवेद्याच्या जेवणातलं आधी चाखायचं नसतं, एवढं मलाही कळतं.
निघतो. बाइकवर परतताना मागे दिपाली असणार, म्हणून तिचं हेल्मेटही घेतलंय.

रविवार. संध्याकाळी ७
पूजा छान झाली. भटजी वेळेवर आले. शिरा उत्तम.
भाजीबद्दल: सासूबाईंनी, म्हणजे आनंदीबाईंनी, पातेल्याचं झाकण उघडलं आणि लगेच बंद केलं. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, जावईबापू, पूजेच्या भाजीत सुकट हाय. मी मोबाइल काढून तक्ता दाखवला. बी-२, धणेपूड. त्यांनी मोबाइलकडे बघितलंसुद्धा नाही. माझं पातेलं मागच्या दाराबाहेर, मोरीशेजारी. दिपालीने नव्या घरात, नव्या डब्यांतून, पंचवीस माणसांची भाजी अर्ध्या तासात केली. अर्ध्या तासात! म्हणजे माझंच म्हणणं खरं ठरलं. हे तिला सांगितलं. सांगायला नको होतं.
पंगतीत माझी भाजी वाढली गेली नाही. अट ती अट.
हेल्मेट मागच्या सीटला बांधून आणलं.

सोमवार, २४. रात्री ८
दिपालीचा फोन. हसत होती. पूजा उतरल्यावर आज दुपारी सगळे तांदळाच्या भाकऱ्या घेऊन माझ्या पातेल्याभोवती बसले म्हणे. सासूबाईंनी दोनदा घेतली. असली सुकट-बटाटा वळमध्ये कुणी केली न्हाय, असं त्या म्हणाल्या. कृती विचारतायत. मी म्हटलं, सगळी सिस्टीम आहे.
मग मी विचारलं, कधी येतेस. ती म्हणाली, बघू, बुधवारी. आईला सोडवत नाही. मी म्हटलं, येताना डब्यात थोडी भाजी आण, मी अजून चाखलेली नाही.
संपली म्हणाली. पातेलं पुसून खाल्लं.
उशी आत आणली. जेवण: वडापाव, एक.