डावा हात मोकळा

३ नोव्हेंबर १९५७, मुळशी
पोचले एकदाची! एसटीत तीन तास धूळ खाल्ली, पण बंगला अगदी धरणाच्या पाण्यावर. तालमीचा दिवाणखाना एवढा मोठा, की गिरक्या घेत सुटलं तरी भिंत लागत नाही. आमच्या बॅलेचे दिग्दर्शक जयसिंगराव म्हणाले, एक डिसेंबरला पुण्यात पहिला प्रयोग, मग कोल्हापूर, नागपूर, मुंबई. हंगामात बावीस प्रयोग! शाळेतली नोकरी सोडल्याचं सार्थक झालं. आम्ही सात जणी. मी मृणालिनीच्या जागी आलेय. तिचा फोटो दिवाणखान्यात आहे. ती गेली, एवढंच सगळे सांगतात.

५ नोव्हेंबर
नदीच्या प्रवेशात सातजणी हात धरून रांगेनं नाचतो. मी शेवटची. उजवा हात लीलाच्या हातात, डावा मोकळा. दुपारी डाव्या तळव्याला एकदम गार लागलं. पाण्यावरचं वारं असेल.

८ नोव्हेंबर
आज पाय चुकले. तीन पावलं पुढे, एक मागे, मग टाच आपटून वळण. हे मला कुणीच शिकवलेलं नाही. आता ओरडा बसणार, असं वाटलं. तर जयसिंगरावांनी तबला थांबवून तेच पुन्हा करायला लावलं. मुख्य भूमिका माझी! लीला बोलेनाशी झालीय. कुणीतरी डाव्या हाताला धरून मला वळवत होतं, हे मात्र मी सांगितलं नाही.

१० नोव्हेंबर
स्वयंपाकाच्या गोजराबाई तालीम बघत दारात उभ्या होत्या. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ह्यो फेर कुनी शिकिवला तुमास्नी? आमच्या गावच्या बायांचा हाय त्यो. गाव पान्याखाली गेलं, तवा मी परकरी पोर हुते." मृणालिनीही हाच फेर नाचायची म्हणे. शेवटचं वळण तेवढं राहिलं होतं. ते जमलं, त्या दिवशी भर दुपारी ती चालत पाण्यात गेली. "तुमी जावा बाई. आजच जावा."

११ नोव्हेंबर
बॅग भरून रस्त्यापर्यंत गेले. एसटी आली, थांबली, गेली. मी परत आले. जाहिरातीत माझं नाव, 'कालिंदी दामले', छापायला गेलंय. सगळ्यात वर.

१३ नोव्हेंबर
आता तालीम नसतानाही डावा हात धरलेला. जेवतानासुद्धा. बोटं बारीक, ओली. काचेची कांकणं मनगटाला टोचतात. लीलाला दाखवलं. तिला नुसती माझी मूठ दिसली. हाताला शेवाळाचा वास —

१४ नोव्हेंबर
जयसिंगरावांना फेराचा शेवट हवाय. उद्याच. मला येत नाही म्हटलं.
खोटं. पायांना येतो.

१५ नोव्हेंबर, दुपार
ते वळण दाराबाहेर जातं. पायऱ्या उतरतं. मध्येच बसले, कशीबशी. वही मांडीवर. आतून लीला हाका मारतेय, ये म्हणून. उठवत नाही.

डावा हात धरलेला आहे. उजव्यानं लिहितेय. लिहीत राहिले तर तेवढा तरी —

पाण्यात बायका. कमरेइतक्या. फेर धरून. एक जागा सोडलीय.

फोटोतली हीच. मृणालिनी. हसतेय. हात पुढे करतेय, माझा उज